गोदामाला सील, तुरीला भुंगा

वाचकाचं पत्र

आदरणीय मॅडम,

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या मोंढ्यात (धान्यबाजारात) आमचं भुसार मालाचं दुकान आहे. सासरे (मी त्यांना मामा म्हणते) पस्तीस वर्षं आडत आणि तुरीची ठोक खरेदी-विक्री करतात. हिशोब मी बघते. २०२४ च्या २२ ऑगस्टला दुपारी पुरवठा खात्याची माणसं पोलिसांना घेऊन आली. गोदामात ५,१४० कट्टे तूर निघाली. ५० किलोचा कट्टा धरून २५७ टन झाली, साठ्याची सरकारी मर्यादा २०० टनांची, म्हणून सगळा माल जप्त करून सील ठोकलं. त्यातलेच १२० कट्टे भरून दारात उभा असलेला भाड्याचा टेम्पोही नेला.

यातले १,३०० कट्टे अकरा शेतकऱ्यांचे आहेत. भाव चढेल म्हणून त्यांनी आमच्याकडे ठेवले होते, विकले नव्हते. आमचे स्वतःचे ३,८४०, म्हणजे १९२ टन. साठा नोंदवायच्या सरकारी पोर्टलवर आम्ही तेवढेच भरले होते. मामांनी हे सांगितलं, पण पंचनाम्यात कुणी लिहून घेतलं नाही. ८ ऑक्टोबरला नोटीस आली, सात दिवसांत म्हणणं द्या म्हणून. मामा कचेरीत गेले, ‘साहेब दौऱ्यावर आहेत, बघू’ ऐकून परत आले. लेखी काहीच दिलं नाही.

आता नोव्हेंबर निम्मा सरला. शटरखालून पिवळट पीठ बाहेर यायला लागलंय. एक मध्यस्थ म्हणतो, तीन लाख द्या, आठवड्यात सील काढून देतो. आमचे वकील म्हणतात, फौजदारी कोर्टातून मुद्देमाल सोडवून घेऊ. मोंढ्यातले लोक म्हणतात, साठ्याची मर्यादा सप्टेंबरअखेर संपली, तुमची केसही संपली. शेतकरी रोज ओट्यावर येऊन बसतात. मामा रात्री उठून गोदामाला फेऱ्या मारतात. मी कुणाचं ऐकू?

— एक सून, लातूर जिल्हा

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं, शटरखालून येणाऱ्या पिठाचं. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी असंच एक गोदाम उघडताना पक्षकाराच्या शेजारी उभी होते. अकरा महिन्यांनी सील निघालं होतं, आदेश आमच्या बाजूने होता. हमालाने पहिल्या थप्पीचा कट्टा उचलला आणि तो त्याच्या अंदाजापेक्षा इतका हलका निघाला की त्याचा तोल गेला. कट्टा फोडला. दाणा जागेवर दिसत होता, पण प्रत्येकाला टाचणीच्या डोक्याएवढं भोक. मूठभर तूर हातात घेतली तर पोकळ टरफलं. आमचे शेठ तिथेच पायरीवर बसले. खटला आम्ही जिंकलो होतो. घरी न्यायला मात्र काही उरलं नव्हतं.

त्या दिवसापासून अशा प्रकरणात माझं पहिलं सांगणं एकच असतं. तुम्ही दोषी की निर्दोष हे ठरायला वेळ लागेल, तूर तेवढं थांबणार नाही. म्हणून आधी तुरीचे पैसे करून घ्या. बाकीचं भांडण त्या पैशांवर करता येतं.

इथे तुमच्या वकिलांचा रस्ता मला पटत नाही. एरवी पोलिसांनी जप्त केलेली वस्तू मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून सुपूर्तनाम्यावर (सांभाळून हजर करण्याच्या लेखी हमीवर) सोडवता येते, म्हणून त्यांनी तसं सुचवलं असावं. पण जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ मध्ये कलम ६-ई आहे. या कायद्याखाली जप्त झालेला माल आणि वाहन यांचा ताबा, सोपवणूक, विल्हेवाट हा विषय जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा त्यांच्यावरच्या अपील अधिकाऱ्याचा, दुसऱ्या कोर्टाने त्यात पडायचं नाही, असं ते कलम सांगतं. फौजदारी कोर्टात अर्ज टाकाल तर दोन-तीन तारखा पडतील, ‘आम्हाला अधिकार नाही’ असा शेरा मिळेल आणि तोवर जानेवारी उजाडेल. नवी तूर मोंढ्यात उतरली की जुन्या, भुंगा लागलेल्या तुरीला कोण विचारणार, हे मामांना माझ्याहून चांगलं माहीत आहे.

आणि जिल्हाधिकाऱ्यांकडेही ‘माल परत द्या’ असं मागू नका. ऐकायला विचित्र वाटेल, पण चौकशी चालू असताना जप्त केलेला माल मालकाच्या हवाली करण्याचा अधिकार कलम ६-एने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये पश्चिम बंगालच्या शंभू दयाल अगरवाला प्रकरणात हे स्पष्ट केलंय. परत मागाल तर नकार मिळेल आणि तो नकार कायद्याला धरूनच असेल. जे मिळू शकतं ते मागा, म्हणजे विक्री. त्याच कलमाचं दुसरं पोटकलम म्हणतं की माल लवकर खराब होणारा असेल, किंवा जनहितासाठी तसं करणं योग्य असेल, तर जिल्हाधिकारी तो विकायला सांगू शकतात. सरकारने भाव ठरवून दिला असेल तर त्या भावाने, नसेल तर जाहीर लिलावाने. पैसे तोवर सरकारकडे जमा राहतात. पुढे माल सरकारजमा करायचा, म्हणजे कायमचा सरकारचा करून टाकायचा, आदेश झालाच नाही, किंवा अपिलात तो रद्द झाला, किंवा खटल्यात निर्दोष सुटलात, तर लिलावाचा खर्च वजा जाता ती रक्कम मालकाला मिळते.

तेव्हा उद्याच अर्ज लिहा. विषय असा घाला: ‘जप्त तुरीची कलम ६-ए (२) अन्वये तातडीने विक्री होणेबाबत’. शटरखालच्या पिठाचा तारखेसह फोटो जोडा. शक्य झालं तर बाजार समितीच्या माणसाला सोबत नेऊन बाहेरून पाहणी करून त्याची चिठ्ठी घ्या. विक्री होईपर्यंत अधिकाऱ्यांच्या समोर सील काढून परवानाधारक माणसाकडून कीडनाशक धुरी द्यावी, खर्च आम्ही करतो, असंही लिहा. स्वतः किडीच्या गोळ्या ठेवण्याचा विचार घरात कुणी बोलत असेल तर थांबवा. सील तोडणं हा वेगळा गुन्हा होतो आणि बंद गोदामात त्या गोळ्यांचा वायू माणूस मारतो.

अर्ज दिला म्हणजे झालं असं समजू नका. का, ते सांगते. आंध्र प्रदेशात एन. नागेंद्र राव आणि कंपनी म्हणून खत आणि धान्याचे परवानाधारक व्यापारी होते. ऑगस्ट १९७५ मध्ये त्यांच्या दुकानावर धाड पडली, खत, धान्य सगळं जप्त झालं. जिल्हा महसूल अधिकाऱ्यांनी त्याच महिन्याच्या अखेरीस चांगला आदेशही काढला: खत कृषी अधिकाऱ्याकडे द्या, गरजू शेतकऱ्यांना वाटा, बाकीचा माल तहसीलदाराने विकून पैसे कोषागारात भरावेत. खताचं कुणी काहीच केलं नाही. पुढच्या वर्षी माल परत द्यायचं ठरलं, व्यापारी घ्यायला गेला, तर खत वजनातही घटलेलं आणि प्रतीनेही गेलेलं. त्याने भरपाईचा दावा लावला. खालच्या कोर्टाने दिला. उच्च न्यायालयाने फिरवला, सार्वभौम सत्तेच्या कामात झालेल्या चुकीबद्दल सरकारवर दावा चालत नाही म्हणून. शेवटी सप्टेंबर १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अधिकाऱ्यांच्या निष्काळजीपणाने माल सडला तर सरकार जबाबदार आहे, सार्वभौमत्वाची ढाल पुढे करता येणार नाही.

हा निकाल आज तुमच्या पाठीशी आहे, अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा. पण ताई, तारखा बघा. १९७५ ते १९९४. त्या माणसाला हक्क मिळाला तोवर एकोणीस वर्षं गेली होती, आणि हे सगळं आदेश हातात असताना झालं. म्हणून विक्रीचा आदेश निघाला की त्याची नक्कल घेऊन कोणत्या टेबलावर, कुणाच्या नावे, कोणत्या तारखेचा लिलाव, याचा पाठपुरावा दर आठवड्याला लेखी करा. दोन आठवड्यांत अर्जावर काहीच झालं नाही तर छत्रपती संभाजीनगरच्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठात रिट याचिका करायची. मागणी फक्त एवढीच, की आमचा अर्ज ठरावीक दिवसांत निकाली काढायला सांगा. ६-ईने उच्च न्यायालयाचा हा दरवाजा बंद होत नाही.

एक कागद आजच शोधा, सुपूर्तनामा. जप्तीच्या वेळी माल हलवायला जागा नसते, म्हणून तो तुमच्याच गोदामात ठेवून तुमचीच सही घेतात: ‘माल माझ्या ताब्यात सुरक्षित ठेवीन, मागाल तेव्हा हजर करीन.’ गडबडीत माणूस सही करतो. पुढे माल किडला की कचेरी तेच पान काढते, सांभाळायची जबाबदारी तुमची होती म्हणते. मामांनी अशी सही केली असेल तर आज ना उद्या नाही, आजच एक पत्र गेलं पाहिजे: सील तुमचं, चावी तुमच्याकडे, आम्हाला आत जाता येत नाही, माल किडतो आहे, परवानगी द्या. या पत्रावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

आता नोटिशीचं. मामांनी लेखी उत्तर दिलं नाही, ही आतापर्यंतची सगळ्यात मोठी चूक आहे, पण अजून दुरुस्त होण्यासारखी आहे. कलम ६-बीप्रमाणे कारणं सांगणारी लेखी नोटीस, लेखी म्हणणं मांडायला पुरेसा वेळ आणि प्रत्यक्ष सुनावणी, या तिन्ही गोष्टींशिवाय माल सरकारजमा करता येत नाही. आदेश अजून झालेला नाही, म्हणजे दार उघडं आहे. उशिराचं कारण खरं ते लिहा (अमुक तारखेला आलो होतो, अधिकारी दौऱ्यावर होते) आणि म्हणणं द्या. ‘मला तोंडी सुनावणी हवी’ हे वाक्य त्यात स्पष्ट असू द्या. नोटिशीत एखादी तांत्रिक चूक सापडली म्हणून खूश होऊ नका. मूळ हेतू पुरा झाला असेल तर नोटिशीतल्या किरकोळ दोषाने आदेश पडत नाही, हेही त्याच कलमात लिहिलेलं आहे.

म्हणण्यात वजनावर बोट ठेवा. तुमच्या पत्रावरून दिसतं की काट्यावर एकही कट्टा चढला नाही. मोजले, पन्नासने गुणले. प्रत्येक कट्टा भरगच्च पन्नासाचा नसतो, शेतकऱ्यांच्या मालात तर गोणीगणिक फरक. बारदान्याचं वजन वेगळं, हिवाळ्यात भरलेली तूर ऑगस्टपर्यंत सुकून घटते ती वेगळी. याने ५७ टनांचा फरक भरून निघणार नाही, तसा दावाही करू नका. पण लिलावाआधी सगळा माल तुमच्यासमोर काट्यावर चढवून काटा पावत्या द्याव्यात अशी मागणी करा. पुढे जे काही मिळेल ते याच वजनावर मिळणार आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. २२ ऑगस्टचं चित्रीकरण मागा. मामा ‘हे शेतकऱ्यांचे कट्टे आहेत’ म्हणत होते, ते पंचनाम्यात नसलं तरी आवाजात असेल.

इथपर्यंतचं कुठलाही बरा वकील करेल. तुमच्या प्रकरणाचा जीव त्या १,३०० कट्ट्यांत आहे, आणि त्याबद्दल मला तुमच्याशी जरा कडक बोलायचंय, कारण हिशोब तुम्ही ठेवता.

कचेरी म्हणेल, तुमच्या गोदामात जे आहे ते तुमचं. ते तसं नाही हे दाखवायचं काम तुमच्यावर येणार. जिल्हाधिकाऱ्यांसमोर जाण्याआधी तीन ठिकाणी बघा. पहिलं, बँक. मालावर कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावर बँकेची उचल) असेल तर दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जातं. जुलैअखेरचं काढा. त्यात उचल जास्त मिळावी म्हणून २५० टनांवर साठा ‘आपला’ म्हणून दाखवला असेल, तर त्याच सहीने तुम्ही आता ६५ टन शेतकऱ्यांचे म्हणू शकत नाही. दुसरं, खतावणी. अकरापैकी कुणाला तुरीवर पैसे उचल दिले आहेत का? दिले असतील तर किती, आणि भाव फोडला होता का? भाव ठरून पट्टी (विक्रीची पावती) झाली असेल तर ती विक्रीच. नुसती हातउसनी रक्कम असेल तर तसं नोंदीतून दिसलं पाहिजे. तिसरं, आवक. हा माल गोदामात शिरला तेव्हाच्या काटा पावत्या, ठेव म्हणून दिलेल्या चिठ्ठ्या, कट्ट्यांवरच्या खुणा.

ही तीन ठिकाणं स्वच्छ निघाली तर तुमची बाजू खरोखर मजबूत आहे. आणि यातला एखादा शेतकरी फक्त नावाला असेल, तर त्याचं नाव आजच गाळा. अकरातलं एक नाव खोटं निघालं की उरलेल्या दहांवरही कुणी विश्वास ठेवत नाही, आणि त्या दहांची वर्षाची कमाई तुमच्या गोदामात आहे. मर्यादा ओलांडली असेल तर ती तेवढी कबूल करा. हे मी नैतिकतेचा धडा म्हणून सांगत नाही. २०१५ च्या दिवाळीआधी तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली होती तेव्हा कितीतरी घरांत वरण पातळ झालं. साठ्याची मर्यादा त्या घरांसाठी असते. मला ती चुकीची वाटत नाही. मला चुकीचं वाटतं ते हे, की त्या मर्यादेच्या नावाने पकडलेली तूर कुणाच्याच ताटात न जाता बंद दाराआड पीठ होते.

शेतकऱ्यांनी स्वतः उभं राहायला हवं. तुम्ही त्यांच्यातर्फे बोलणं आणि त्यांनी स्वतः बोलणं यात फार फरक पडतो. कायदा नोटीस द्यायला सांगतो ती मालाच्या मालकाला किंवा ज्याच्याकडून माल जप्त झाला त्याला. ते मालक आहेत, तर प्रत्येकाने जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज द्यावा, सोबत सातबारा, त्यावरची तुरीची पीक पाहणी, तुमची ठेव चिठ्ठी आणि प्रतिज्ञापत्र. कलम ६-एमध्ये त्यांच्यासाठी एक मोलाचं परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी अट, आहे: उत्पादकाकडून जप्त केलेलं, त्याने स्वतः पिकवलेलं धान्य या कलमाखाली सरकारजमा करता येत नाही. शब्द ‘उत्पादकाकडून’ असे आहेत आणि जप्ती तुमच्या गोदामातून झाली, म्हणून सरकारी बाजू इथे अडवणार. त्यावर म्हणणं असं मांडायचं की तूर त्यांचीच होती, तुम्ही नुसते राखणदार होता, तेव्हा तुमचा ताबा तो त्यांचाच ताबा. हा युक्तिवाद चालेलच अशी हमी मी देत नाही. पण तो मांडला गेला पाहिजे, आणि मांडायला अकरा माणसं सुनावणीला हजर पाहिजेत. एक कच्चा दुवा आधीच सांगते. दुसऱ्याचा माल साठवायचा तुमच्याकडे वखारीचा परवाना नसेल तर तो प्रश्न येणारच. मोंढ्यात पिढ्यान्‌पिढ्या विश्वासावर असंच चालत आलंय हे खरं उत्तर आहे, ते तसंच द्या.

मागणी पायरीपायरीने लिहा. मुख्य मागणी: आमचा माल १९२ टन, मर्यादेच्या आत, भंग झालाच नाही. ती मान्य नसेल तर दुसरी: जास्तीच्या ५७ टनांपुरताच विचार करा. जिल्हाधिकारी माल सरकारजमा करू ‘शकतात’ असं कलम म्हणतं, केलाच पाहिजे असं नाही. १,१४० कट्ट्यांच्या वादात ५,१४० कट्टे का जावेत, हा रास्त प्रश्न आहे.

टेम्पोचं त्यामानाने सोपं आहे. भाड्याने चालणारं वाहन असेल तर ते सरकारजमा करण्याऐवजी दंड भरायचा पर्याय मालकाला द्यावाच लागतो, आणि तो दंड जप्तीच्या दिवशी त्यात भरलेल्या मालाच्या बाजारभावापेक्षा जास्त नसतो. १२० कट्टे म्हणजे ६० क्विंटल. समजा भाव दहा हजार धरला तर कमाल सहा लाख. त्याआधी, टेम्पोमालकाला, त्याच्या माणसाला आणि ड्रायव्हरला काही माहीत नव्हतं आणि त्यांनी योग्य ती काळजी घेतली होती हे दाखवता आलं, तर वाहन सुटतंच. त्याला तुमच्या कागदात गुंतवू नका, त्याचा अर्ज त्याला करू द्या. भाडेपावती आणि ई-वे बिल असेल तर मात्र लगेच द्या.

मोंढ्यातल्या बोलण्याबद्दल. तुरीवरची मर्यादा २१ जून २०२४ ला आली, ठोक व्यापाऱ्याला २०० टन, किरकोळ दुकानदाराला ५ टन, मुदत ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत होती. मुदत संपली म्हणून २२ ऑगस्टला जे घडलं ते पुसलं गेलं, असं धरून घरी बसू नका. नोटीस जिवंत आहे, तिला उत्तर द्यावंच लागेल. आणखी कुणी सांगेल की साठ्याच्या मर्यादा २०२० मध्येच गेल्या. भाव ठरावीक टक्क्यांच्या वर चढल्याशिवाय मर्यादा लावता येऊ नये, अशी दुरुस्ती तेव्हा झाली होती खरी, पण कृषी कायद्यांसोबत २०२१ च्या अखेरीस तीही मागे घेतली गेली.

तुरुंगाची भीती तुम्ही पत्रात लिहिली नाही, पण मामांच्या रात्रीच्या फेऱ्यांत ती असणार. कलम ७ खाली शिक्षा तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. गुन्हा नोंदला आहे का हे वकिलांकडून आजच कळून घ्या आणि असेल तर अटकपूर्व जामिनाचं बघा. माल सरकारजमा करण्याची कारवाई आणि फौजदारी खटला या दोन वेगळ्या वाटा आहेत, एक दुसरीसाठी थांबत नाही. मामांच्या बाजूने एक जुनं प्रकरण आहे, मध्य प्रदेशातल्या धारच्या नथुलाल या धान्य व्यापाऱ्याचं. त्याने परवान्यासाठी अर्ज केला होता, फी भरली होती, परवाना मिळणार अशा प्रामाणिक समजुतीने गहू साठवला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये त्याला सोडलं, मनात कायदा मोडायचा हेतू नव्हता म्हणून. पुढे १९७४ मध्ये कलम १०-सी आलं आणि हेतू होता असं आता कोर्ट आधी गृहीत धरतं, नव्हता हे आरोपीने दाखवायचं. ते दाखवायला तुमच्याकडे पोर्टलवरची १९२ टनांची नोंद आहे. जप्तीच्या आधीच्या तारखेची असेल तर तिची छापील प्रत जपून ठेवा.

तीन लाखवाल्याला नाही म्हणा, आणि फोनवर नको, समोर बोलावून घरातल्या दोन माणसांसमोर नाही म्हणा. तो सील काढू शकत नाही, ते वर सांगितलंच. २०१८ पासून लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. त्याने कुणा अधिकाऱ्याचं नाव घेऊन पैसे मागितले असतील तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे, तिथे कळवा.

माल सरकारजमा करायचा आदेश आलाच, तर तो हातात पडल्यापासून एक महिन्यात अपील करावं लागतं. पाकीट फेकू नका, मिळाल्याची तारीख त्यावर लिहून सही करा. आदेशाविरुद्ध अपील कुणाकडे हे वकिलांकडून त्याच दिवशी ठरवून घ्या. अपिलात जिंकलात आणि तोवर माल परत देण्यासारखा उरला नसेल तर सरकारने त्याची किंमत जप्तीच्या दिवसापासून वाजवी व्याजासह द्यायची असते. हे कलम ६-सीमध्ये आहे, अपिलाच्या मागणीत ते आठवणीने घाला.

ओट्यावर येऊन बसणाऱ्या शेतकऱ्यांना रोज ‘होईल, होईल’ म्हणू नका. एकदा सगळ्यांना एकत्र बोलवा, चहा करा आणि पंचनाम्याची प्रत वाचून दाखवा. कुणाचे किती कट्टे याची यादी त्यांच्यासमोर करा, प्रत्येकाची सही घ्या, एक-एक प्रत त्यांना द्या. मामांना त्या बैठकीत बोलू द्या. पस्तीस वर्षं ज्यांच्या शब्दावर माल ठेवला गेला, ते तीन महिने त्या लोकांच्या नजरेला नजर देत नसतील, झोप त्यामुळेच उडाली असणार. लिलाव ठरला की त्या दिवशीही त्यांना न्या. काट्यावर वजन होताना आणि प्रत ठरवताना तूर हातात घेऊन बोलणारं आपलं माणूस तिथे असायला हवं.

सुपूर्तनाम्यावर मामांची सही आहे की नाही आणि बँकेच्या जुलैच्या स्टेटमेंटमध्ये आकडा काय आहे, एवढ्या दोन गोष्टी मला लगेच कळवा. त्यावर म्हणण्याचा मसुदा कसा वळवायचा ते ठरेल.